निवांत की सजग

शमा बागवानचं काम सुटलं ते एका मंगळवारी सकाळी. सोमवारी संध्याकाळपर्यंत तिने मिरजेच्या दोन हॉस्पिटलांचे चौदा रिपोर्ट तपासून दिले होते आणि मंगळवारी तिचं खातंच उघडेना. दुपारी कंपनीचं पत्र आलं. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार, तब्येतीला जपा, एखाद्या मेंदूच्या डॉक्टरांना जरूर भेटा. शमाला तोवर सर्दीपडशापलीकडे काही झालेलं नव्हतं.

पद्मजा मगदूमला ही बातमी शमानेच फोनवर सांगितली. दोघी 'श्रुतिका' नावाच्या कंपनीसाठी घरून काम करायच्या, शमा मिरजेतून आणि पद्मजा सांगलीतल्या विश्रामबागेतून. डॉक्टर बोलतो ते यंत्र लिहून काढतं. पण मिरजेचा डॉक्टर एका वाक्यात मराठी, कानडी, हिंदी आणि इंग्रजी बोलून मोकळा होतो आणि २०३८ सालचं यंत्रही तिथे अडखळतं. शिवाय कायद्याने प्रत्येक रिपोर्टखाली माणसाची सही लागते. म्हणून या बायका कानाला हेडफोन लावायच्या, पायाखालच्या पेडलने आवाज मागेपुढे करायच्या आणि यंत्राच्या चुका निस्तरायच्या. पद्मजाला या कामात अठरा वर्षं झाली होती. हाताखालचा संगणक तीनदा बदलला, पेडल मात्र तेच होतं.

शमाच्या पाठोपाठ बाकीच्यांना नोटीस आली. महिनाअखेरपर्यंत प्रत्येकीने आपल्या संगणकावर कंपनीची नवी प्रणाली बसवून घ्यायची होती. त्या प्रणालीत लयमापक होता. प्रणाली निघाली त्याच महिन्यात शमाने तो हौसेने बसवला होता.

लयमापक हे प्रकरण समजायला अवघड नाही. आपण टाइप करतो तेव्हा प्रत्येक कळ खाली जाते आणि वर येते. बोट कळीवर साधारण एक दशांश सेकंद टेकतं. निरोगी माणसाचं टेकणं हजार वेळा मोजलं तरी त्यात फारसा फरक पडत नाही, हात जणू मनातल्या मनात ताल धरून असतो. हा ताल मेंदूच्या अगदी आतल्या भागातून येतो. तिथल्या काही पेशी डोपामिन नावाचं द्रव्य तयार करतात. त्या पेशी मरू लागल्या की कंपवात होतो. पण हात थरथरायला लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. त्याआधी कितीतरी वर्षं, डोळ्याला काही दिसत नसताना, बोटांचा ताल बिघडायला सुरुवात झालेली असते. एखादं बोट कळीवर थोडं जास्त रेंगाळतं, एखादं लवकर उठतं. डॉक्टरला ते दिसत नाही, माणसाला स्वतःला जाणवत नाही. संगणकाला मात्र दिसतं, कारण तो प्रत्येक कळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतो. वीस मिनिटांचं टाइपिंग त्याला पुरतं.

याचा फायदाही मोठा होता. गेल्या पाच वर्षांत निघालेली औषधं अगदी सुरुवातीला दिली तर आजार बराच काळ थोपवून धरत. पण कंपन्यांना दिसलं ते वेगळंच. बिघडलेल्या हाताने तपासलेला रिपोर्ट उद्या कोर्टात गेला तर जबाबदार कोण, एवढाच प्रश्न त्यांना पडला आणि त्याचं उत्तर शमाला मिळालं.

पद्मजाला कंपनीची प्रणाली नको होती, पण त्याचं कारण नोकरी हे नव्हतं. तिच्या आईला कंपवात होता. अकरा वर्षं पद्मजाने तिचं सगळं केलं. शेवटची चार वर्षं आईला कुशीवरसुद्धा वळवावं लागे. पण पद्मजाच्या मनात रुतून बसलं होतं ते पहिलं वर्ष. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवसापर्यंत आईचा फक्त उजवा हात थोडा संथ होता. ती दळण आणायची, पोळ्या लाटायची, भिशीला जायची. नाव कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती आजारी माणूस झाली. कप उचलला की आधी हाताकडे बघायची. पद्मजाला वाटे, आजाराने आईची शेवटची वर्षं नेली, पण चांगली राहिलेली तीन वर्षं त्या नावाने नेली.

मुलीला हे पटत नव्हतं. प्रेक्षा पुण्यात होती, एकोणतीस वर्षांची आणि कामात वाघीण. लिनक्स या सर्वांना खुल्या असलेल्या संगणकप्रणालीवर बेतलेली 'सजग' जगभरातले काही लोक मिळून सांभाळत, त्यात लयमापकाचा भाग प्रेक्षाकडे होता. तिने आईला फोनवर सगळं नीट सांगितलं. सजगमध्ये लय मोजली जाते, पण ती आपल्याच संगणकात राहते. कंपनीला, सरकारला, कोणालाही जात नाही, फक्त आपल्याला कळते. आजीला हा आजार होता, तेव्हा आईने तर मोजून घ्यायलाच हवी. पद्मजा ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, बघते.

बघण्यासाठी ती तोडकर सरांकडे गेली. हणमंत तोडकर पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी ते एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसत आणि लोकांच्या संगणकांवर लिनक्स बसवून देत. कंपन्यांच्या प्रणाल्यांना कंटाळलेली माणसं मशीन पिशवीत घालून तिथे येत. पद्मजाने वहीत नावांची यादी करून नेली होती. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, सजग आणि आणखी सात-आठ. यातली सगळ्यात चांगली कोणती, असं तिने विचारलं. सरांनी वही बाजूला ठेवली.

"सगळ्यात चांगली ज्वारी कुठली, असं विचारण्यासारखं आहे हे," ते म्हणाले. "ज्वारी एकच, वाण निरनिराळे. लिनक्सचा गाभा एक, त्याच्या वाणांना डिस्ट्रो म्हणतात. तुम्ही दिवसभर संगणकावर काय करता ते सांगा, वाण मी सांगतो."

तिने सांगितलं. मराठी आणि कानडी टाइप करायचं असतं, आवाजाच्या फाइली ऐकायच्या असतात, पेडल चालायला हवं, प्रिंटर जुना आहे. रोज उठून काही नवीन शिकायला वेळ नाही. सरांनी एकेक डिस्ट्रो पेनड्राइव्हवरून चालवून दाखवली, काही न बसवता, नुसती चाखून बघावी तशी. कुठे अक्षरं तुटत होती, कुठे प्रिंटर गप्प होता. ज्या प्रसिद्ध होत्या त्यांतल्या बहुतेकींत आता लयमापक आलेला होता. कुठे तो चालू होता, कुठे बंद करता येत होता. बंद केलेली गोष्ट एखाद्या दिवशी आपण उघडू, ही भीती पद्मजाने बोलून दाखवली.

सरांनी कपाटातून आणखी एक पेनड्राइव्ह काढला. या डिस्ट्रोचं नाव होतं निवांत. अकरा माणसं मिळून ती सांभाळत होती, तिचं रूप साधं होतं, दुरुस्त्या उशिरा येत. तिच्यात लय मोजण्याची सोय बंद केलेली नव्हती, ती मुळात ठेवलेलीच नव्हती.

"पण एक सांगतो," सर म्हणाले. "डिस्ट्रो फक्त मशीनपुरती असते."

पद्मजाला वाटलं, सर प्रिंटरबद्दल बोलत आहेत.

श्रुतिकाचं काम तिने सोडलं. मिरजेचे डॉक्टर कबाडे तिला जुने ओळखत होते. त्यांनी आपल्या छोट्या हॉस्पिटलचे रिपोर्ट थेट तिच्याकडे पाठवायला सुरुवात केली. निवांत तिच्या हाताला बसली. घरही पूर्वीसारखं चालू झालं. सकाळी नऊपासून दोनपर्यंत ती काम करायची, जेवून तासभर पडायची, तेव्हा संगणकावर तिचे यजमान बसायचे. श्रेणिक मगदूम गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि मुलांच्या एका मासिकासाठी दरमहा कोडी तयार करत. आधी ते वहीत लिहून पाठवायचे, वर्षभरापासून टाइप करू लागले होते. चारला पद्मजा उठली की चहा घेऊन ते खुर्ची रिकामी करायचे.

अडचण आली ती एवढीच की पेडल मधूनच दगा देई. दाबलं की आवाज पाच सेकंद मागे जाण्याऐवजी अर्धं मिनिट मागे उडी मारायचा. तोडकर सरांना ते जमेना. पद्मजाने प्रेक्षाला विचारलं. मुलीने न रुसता, आईने सजग घेतली नाही याचा उच्चारही न करता, एक छोटा प्रोग्रॅम पाठवला. संगणकाला जोडलेल्या प्रत्येक वस्तूतून काय संदेश येतो याची तो नोंद ठेवणार होता. चार दिवस चालू ठेव आणि फाइल मला पाठव, असं तिने सांगितलं. कळफलकाचीही नोंद त्यात होणार होती, पण कुठलं अक्षर दाबलं ते त्यात येत नाही, फक्त केव्हा दाबलं आणि केव्हा सोडलं, तेव्हा काळजी नको. पद्मजाने फाइल पाठवली. दोन दिवसांत प्रेक्षाने दोष शोधला आणि पेडल सुतासारखं सरळ झालं.

त्यानंतर प्रेक्षाचे फोन वाढले. आठवड्यातून एकदा बोलणारी मुलगी रोज सकाळी बोलू लागली. झोप लागते का, वास नीट येतो का, चालायला जातेस का. मग अक्रोड आले, बदाम आले. मग पुण्यात राहायला ये म्हणाली, आणि एका शुक्रवारी, सण ना वार, स्वतःच येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मजा ओट्यावरून गरम पातेलं उतरवत होती. प्रेक्षा झटकन पुढे झाली आणि तिने ते आईच्या हातातून काढून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. पद्मजाने ते हसू ओळखलं. अकरा वर्षं तिने स्वतः आपल्या आईच्या हातातून पातेली अशीच काढून घेतली होती, असंच हसून.

"त्या फाइलमध्ये तू काय बघितलंस?" तिने विचारलं.

प्रेक्षाने पातेलं खाली ठेवलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पेडलचा दोष सापडल्यावर फाइल समोर होती, चार दिवसांच्या कळांच्या वेळा समोर होत्या आणि त्या मोजणारा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिलेला होता. नुसतं बघू म्हणून तिने एकदा चालवला. दिवसातला काही वेळ लय स्पष्ट बिघडलेली होती. सुरुवात अशीच होते.

पद्मजा ओरडली नाही. जे नको म्हणून तिने अठरा वर्षांचं काम सोडलं तेच पोटच्या मुलीने पाठीमागून केलं, असं ती सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली. प्रेक्षा रडली. औषधांना वेळेत सुरुवात केली तर, असं काही सांगू लागली, पण आईने हात वर केला.

"मी निवांत मशीनसाठी घेतली नव्हती गं," पद्मजा म्हणाली.

"मला कळल्यावर मी काय करायला हवं होतं?" प्रेक्षाने विचारलं. "सांगितलं तर तुझं ऐकलं नाही असं होतं. नाही सांगितलं तर..." रविवारी दुपारी ती परत गेली. जाताना सजगचा एक पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून गेली. पप्पांना काही सांगू नकोस, एवढं पद्मजाने तिच्याकडून कबूल करून घेतलं.

पुढचे तीन दिवस पद्मजाने स्वतःचे हात बघण्यात घालवले. चमचा पडला, तिने मोजला. ब्लाउजचं हूक लावायला वेळ लागला, तोही मोजला. आईने जे केलं होतं तेच ती करत होती, तेही कुठल्या डॉक्टरने नाव न सांगता. चौथ्या दिवशी तिला वाटलं, हे अर्धवट कळणं म्हणजे दोन्हीकडून मार आहे. श्रेणिकराव मंदिरात गेले असताना तिने पेनड्राइव्ह लावला आणि सजग सुरू केली. वीस मिनिटं एका जुन्या रिपोर्टवरून टाइप करत बसली. पडद्यावर प्रश्न आला, निकाल पाहायचा का. तिने हो म्हटलं.

लय उत्तम होती. तिच्या वयाच्या बायकांत चांगल्यातली होती. तिने संध्याकाळी पुन्हा मोजली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तिन्ही वेळा तेच.

पद्मजा खुर्चीत मागे रेलून बसली आणि कितीतरी दिवसांनी तिला खरी भूक लागली. पोरीचा प्रोग्रॅम चुकला, असं वाटून तिला हसूही आलं. प्रेक्षाला फोन करावा म्हणून तिने हात पुढे केला आणि मग तो थांबला. ज्या प्रोग्रॅमने आत्ता तिला निरोगी ठरवलं तो प्रेक्षाने त्या फाइलवर चालवलेलाच होता. तो आज बरोबर असेल तर त्या चार दिवसांतही बरोबरच असणार.

ती फाइल अजून तिच्या संगणकात होती. सजगमध्ये जुनी नोंदही वाचता येत होती. तिने ती उघडली, तशी पडद्यावर चार दिवसांची रेघ उमटली. सकाळी नऊपासून दोनपर्यंत रेघ शांत होती. संध्याकाळी शांत होती. चारही दिवस ती एकाच वेळी, दुपारी तीन ते चार, वेडीवाकडी झाली होती.

त्या वेळी पद्मजा आत झोपलेली असे.

बाहेर फाटक वाजलं. श्रेणिकराव परतले होते. तिने पडदा बंद केला, पेनड्राइव्ह काढून डब्यात टाकला आणि दार उघडायला गेली. त्यांनी नेहमीप्रमाणे चपला कडेला नीट लावल्या. ती त्यांच्या वाकण्याकडे बघत राहिली.

तिने नऊ दिवस काढले. सांगावं, तर तिची आई ज्या दिवशी आजारी माणूस झाली तो दिवस ती आपल्या हाताने त्यांच्या घरात आणणार. न सांगावं, तर औषधाचे दिवस हातातून जाणार. आणि निवड त्यांची होती, हे तर ती सगळ्यात जास्त मानणारी. पण तुम्हाला कळून घ्यायचंय का, असं विचारणं म्हणजे सांगणंच झालं. डिस्ट्रो फक्त मशीनपुरती असते, हे तोडकर सरांचं वाक्य तिला आता समजलं. प्रेक्षावरचा तिचा राग गेला नाही, पण त्याला धार राहिली नाही. त्या पोरीनेही असेच दिवस एकटीने काढले असतील. आणि इतकं कळूनसुद्धा पद्मजाचे हात ऐकत नव्हते. बाजारातून आल्यावर पिशवी ती त्यांच्याकडून घेऊ लागली, पाण्याची कळशी आधीच भरून ठेवू लागली.

दहाव्या दिवशी दुपारी तीनला ते संगणकासमोर बसले. ती झोपायला गेली नाही, दारातच उभी राहिली. त्यांनी खुर्ची वळवली.

"आठ-दहा दिवस तू माझ्या हाताकडे बघतेयस," ते म्हणाले.

पद्मजा समोर येऊन बसली. ती म्हणाली की मी तुम्हाला काही सांगणार नाही, फक्त दोन डिस्ट्रो काय आहेत ते सांगते. मग तिने सांगितलं, तोडकर सरांनी तिला सांगितलं होतं तसंच, पदरचं काही न घालता. निवांतमध्ये काही मोजलं जात नाही. माणूस जसा आहे तसा राहतो आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सजगमध्ये मोजलं जातं, ते फक्त त्याला स्वतःला कळतं, आणि वेळेत कळलं तर औषध आहे. कुठली घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. तुम्ही निवांत म्हणालात तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, असंही तिने सांगितलं.

चाळीस वर्षं मुलांची उत्तरं तपासलेला माणूस तो.

"तुला कळलंय ना?" त्यांनी विचारलं.

तिची नजर पेनड्राइव्ह ठेवलेल्या डब्याकडे गेली.

"मग निवांत कोणासाठी घ्यायची?" ते म्हणाले. "मी तिकडे निवांत बसायचं आणि तू एकटीने हे वागवायचं, असं नको. लाव ते."

तिने डब्यातून पेनड्राइव्ह काढला. काय टाइप करू, असं त्यांनी विचारलं. काहीही, ती म्हणाली. त्यांनी पुढच्या महिन्याचं कोडं टाइप करायला घेतलं. दोन नळांनी हौद भरतो, तिसऱ्याने रिकामा होतो. पद्मजा खिडकीकडे तोंड करून बसली. कळांचा आवाज तिच्या पाठीमागे वीस मिनिटं येत होता आणि तो तिला अगदी साधा, कुठल्याही माणसाच्या टाइपिंगसारखा वाटला.

आवाज थांबला. निकालाची कळ त्यांनी स्वतः दाबली आणि वर्गात सूचना वाचावी तसं मोठ्याने वाचलं. लय वयाच्या मानाने बिघडलेली आहे, हे निदान नाही, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे. ते उठले, पाणी प्यायले आणि डॉक्टर कबाड्यांना फोन लावून कोणाकडे जावं ते विचारून घेतलं. गुरुवारची वेळ मिळाली. मग त्यांनी प्रेक्षाला फोन लावला. पद्मजाने मी बोलते म्हणून खूण केली, पण त्यांनी मान हलवली.

"प्रेक्षा, तुझं गणित बरोबर होतं," ते म्हणाले. "फक्त माणूस चुकला."

फोनचा स्पीकर चालू होता, तिच्या ऑफिसात कोणीतरी बोलत होतं तेवढं ऐकू येत होतं. मग ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "पप्पा, तुम्ही कधीपासून टाइप करता?"

"झालं की वर्ष," श्रेणिकराव म्हणाले. त्यांनी पद्मजाकडे बघितलं आणि पुन्हा फोनकडे. "माझं अक्षर फार बारीक यायला लागलं होतं गं. कितीही मोठं काढायला गेलो तरी ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होई. म्हटलं, टाइप केलं की कोणाला दिसणार नाही."